चारशे अडतीसचा उंचवटा

दिव्याखाली तिकिटं काळवंडली आणि फडकं उजळलं. मिस्टर हॅलासनी आर्केडमधल्या आपल्या बोळाएवढ्या दुकानाचा पडदा ओढून घेतला होता आणि टेबलावरचा अतिनील दिवा लावून ते व्हेल्टाच्या नवऱ्याची, आर्विड्सची, लाटव्हियाची तिकिटं चिमट्याने एकेक करून त्याखाली धरत होते. जुना कागद या उजेडात मुका राहतो. नव्या कागदात पांढरेपणासाठी जे काही घातलेलं असतं ते निळं चमकतं. तेव्हा एकोणीसशे अठरा सालचं तिकीट चमकलं की समजायचं, कुणीतरी आपल्याला टोपी घातली. आर्विड्सला कुणीही टोपी घातली नव्हती. युद्धाच्या नकाशांच्या पाठीवर छापलेली त्याची लाडकी तिकिटं एकजात मुकी राहिली. पण ज्या चौकोनी फडक्यात गुंडाळून व्हेल्टाने ती ट्राममधून आणली होती ते टेबलाच्या कडेला अर्धवट उलगडून पडलं होतं, आणि ते त्या अंधाऱ्या दुकानात एकटंच निळंपांढरं जळत होतं.

"तिकिटं अस्सल आहेत, मिसेस क्रुमिन्स," हॅलास म्हणाले. "फडकंच काय ते नंतरचं. पण धुणं कोण करायचं हो तुमच्याकडे? एवढा पांढरा तर माझ्या लग्नातला शर्टही नव्हता."

"आई," व्हेल्टा म्हणाली, आणि तिला बसावंसं वाटलं.

दुकानात दुसरी खुर्ची नव्हती. ती उभीच राहिली, काउंटरची कड धरून, आणि हॅलासना वाटलं असणार की बाईला नवऱ्याची आठवण आली, कारण त्यांनी भल्या माणसासारखं दिवा बंद करून पडदा सारला आणि चहा घेणार का विचारलं. तिला नवऱ्याची आठवण आली नव्हती. आर्विड्स जाऊन चौदा महिने झाले होते आणि त्याची आठवण यायची ती संध्याकाळी भांडी विसळताना, एकच बशी असली की. त्या आठवणीची वेळ ठरलेली होती. हे वेगळं होतं. हा निळा तिच्या ओळखीचा होता. आयुष्याची एकतीस वर्षं तिने युनिव्हर्सिटीच्या रसायनशाळेत उजेड मोजण्यात घालवली होती, आणि उजेड मोजणारी माणसं रंगाला नावाने हाक मारत नाहीत, आकड्याने मारतात. फडक्याचा निळा बघून तिच्या मनात शब्द आला नाही, आकडा आला. चारशे अडतीस. मग तिला फडक्याच्या कोपऱ्यातलं लाल दोऱ्याचं अक्षर दिसलं. साधं फडकं नव्हतंच ते. प्रयोगशाळेत माती गाळायला आईने जुन्या चादरीतून कापून, कडा दुमडून शिवून दिलेल्या फडक्यांपैकी एक होतं, आर्विड्सने कधीतरी उचलून तिकिटांना लावलेलं. तिने ते घडी करून पर्समध्ये ठेवलं, तिकिटं हॅलासकडेच राहू दिली आणि पावती घ्यायला विसरून बाहेर पडली.

ट्राममध्ये खिडकीशी बसून ती फक्त थकली होती. चारशे अडतीस नॅनोमीटरचा उंचवटा म्हणजे तिचे साहेब, प्रोफेसर ट्रेगियर. बाहेरच्या जगात, म्हणजे या विषयात डोकं घालणाऱ्या दोनेकशे माणसांच्या जगात, त्यांची ओळख तीच होती. पायरीन नावाचा एक रेणू असतो, मधाच्या पोळ्याचा चार खणांचा तुकडा कापावा तसा. त्याच्यावर अतिनील प्रकाश टाकला की रेणू तो जरा वेळ जवळ ठेवतो आणि मग परत देतो. एकटा असला तर जांभळा देतो. दोन रेणू एकमेकांना बिलगलेले असले तर दोघांचा मिळून हिरवट निळा देतात, चारशे पंच्याहत्तरच्या आसपास. त्यामुळे रंग बघून सांगता येतं की आतमध्ये कोण एकटं आहे आणि कोण दुकटं. पायरीनला पाणी सोसत नाही; पाण्यात साबण टाकला की साबणाचे इवले गोळे होतात, मिसेल म्हणतात त्यांना, त्यांच्या पोटात जाऊन ते बसतं. चिकणमातीतही बसतं, साबण आधी थरांमध्ये शिरला असेल तर, कारण माती म्हणजे एकावर एक रचलेली पानंच. चौऱ्याहत्तर साली ट्रेगियरनी माती, साबण आणि पायरीन एकत्र केलं आणि यंत्राच्या आलेखात चारशे अडतीसला एक उंचवटा आला. तिथे काही असायलाच नको होतं. ना तो एकट्याचा रंग होता ना जोडीचा. ट्रेगियर दोन आठवडे जेवले नाहीत धड, आणि मग म्हणाले, थरांच्या फटीत दोघांना नीट बिलगायला जागाच नाही, ते खांद्याला खांदा लावून अर्धवट चिकटतात. ही अवघडलेली जोडी आहे. नाव टिकलं. अवघडलेल्या जोडीवर अकरा निबंध झाले, ट्रेगियर प्रोफेसर झाले, परदेशी बोलावणी आली. आणि प्रत्येक निबंधाच्या शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असायची, श्रीमती व्ही. क्रुमिन्स यांच्या कुशल हातांचे आभार. इतर ठिकाणच्या लोकांना तो उंचवटा कधी मिळायचा नाही. ट्रेगियर हसून सांगायचे की त्यांच्याकडे व्हेल्टा नाही.

घरी येऊन तिने कोट न काढताच स्वयंपाकघरात बसकण मारली. या घरात, याच मागच्या अंगणात, आई धुवायची. युद्धानंतर निर्वासितांच्या बोटीतून उतरल्यावर इथल्या सरकारने दोन वर्षं सांगेल ते काम करायची अट घातली होती, तेव्हा रीगामध्ये शाळेत भूगोल शिकवणारी आई एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात लागली आणि दोन वर्षं संपल्यावरही तिथेच राहिली, कारण तिला इंग्रजी आलं नाही आणि पांढरं मात्र जमलं. पांढऱ्यावर तिचा फार जीव. शेजारणींच्या दोरीवरच्या चादरी बघून ती नाक मुरडायची. पांढरं करायची पूड बाजारात आली तेव्हा पाकिटावर एक माप लिहिलेलं असताना ती दोन घालायची, आणि प्रयोगशाळेच्या फडक्यांना तीन. "प्रोफेसराच्या हातात जाणार ते," म्हणायची. "त्याला कळू दे की आपण कुठून आलोय." व्हेल्टाला तेव्हा याची लाज वाटायची. आता लाज वाटली नाही. पुडीतला तो चमकणारा पदार्थ पाण्यात सुटतो, फडक्यातून मातीत उतरतो, पण मातीला चिकटत नाही. दोघांचा विद्युतभार एकाच जातीचा, एकमेकांना ढकलणारा. पाण्यात एकटा भटकताना तो जेमतेम उजळतो, म्हणून नुसती माती तपासली तर काही दिसायचं नाही. साबण उलट्या भाराचा. साबण आला की तो मातीवर पसरतो आणि त्या भटक्या पदार्थाला पकडून ठेवतो, आणि पकडलेला तो दहापट उजळतो. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळलं असतं, त्याच्या आईने धुणं धुतलं असतं तर.

आणि ब्लँक. दर मापाआधी ब्लँक घ्यायचा, म्हणजे ज्याचा उजेड मोजायचा तेच सोडून बाकी सगळं घालून यंत्र काय म्हणतं ते बघायचं. हा त्यांच्या धंद्यातला देवाला दिवा लावण्यासारखा नेम. चौऱ्याहत्तरच्या जुलैतल्या त्या बुधवारी तिने साबणाचा ब्लँक घेतला होता, शून्य. मातीचा घेतला होता, शून्य. दोन्ही मिळून घ्यायचा राहिला होता. तिने विचारलंही होतं. आईला न्यूमोनिया झालेला, दुपारी शेजारणीचा फोन आलेला, आणि ट्रेगियर दारात तिचा कोट हातात घेऊन उभे होते. "शून्य अधिक शून्य किती होतात, व्हेल्टा? जा घरी. आईजवळ बस." ती गेली. आई वाचली, आणखी नऊ वर्षं जगली. दुसऱ्या दिवशी उंचवटा आला होता आणि सगळी प्रयोगशाळा नाचत होती, आणि नाचणाऱ्या घरात ब्लँकची आठवण कोण काढतो. नंतर सवय झाली. दोन शून्यं लिहायची आणि पुढे जायचं. त्र्याऐंशीत आई गेली, फडकी झिजली, दुकानातून गाळणकागद आला, आणि उंचवटा बारीक होत होत दिसेनासा झाला. ट्रेगियर म्हणाले, खाणीतली माती बदलली. व्हेल्टालाही तेच वाटलं. खरंच वाटलं का, असं तिने त्या शनिवारी स्वतःला विचारलं, आणि उत्तर यायच्या आत उठून दिवा लावला.

तपासायला वीस मिनिटं लागली असती. फडकं पर्समध्ये होतं, माती प्रयोगशाळेच्या कपाटात होती, साबणाची बाटली तिच्याच अक्षरातलं लेबल लावून उभी होती. वीस मिनिटांचं काम असल्यामुळेच ती ते करत नव्हती. दोन दिवसांचं असतं तर सोमवारी सकाळीच पदर खोचून लागली असती.

सोमवारी सिनालेई खोबऱ्याच्या दुधातले पाव घेऊन आली, आदल्या दिवशीच्या चर्चच्या जेवणातले उरलेले. सामोआच्या घरातली ही पोर, इथेच जन्मलेली, सहा फूट उंच, हसली की काचेची भांडी किणकिणावीत असं हसणारी. ट्रेगियर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, ही त्यांची शेवटची विद्यार्थिनी. तीन वर्षं ती अवघडलेल्या जोडीच्या मागे होती. नव्या यंत्राने तिला जोडीचं आयुष्य मोजायचं होतं, एका सेकंदाच्या किती कोट्यांशाचं ते, पण जोडी सापडेल तेव्हा ना. तिने माती सतरा तऱ्हांनी धुतली. तिची मोजमापं इतकी स्वच्छ असायची की व्हेल्टाला कधीकधी हेवा वाटायचा. पहिल्या वर्षी ती मोठमोठ्याने हसायची, दुसऱ्या वर्षी हसू बारीक झालं, आणि या हिवाळ्यात ती गाळणीपाशी तासन्‌तास उभी राहायला लागली होती.

"घ्या आंटी, आईने तुमच्यासाठी वेगळे काढून ठेवलेत. म्हणाली, त्या बारक्या बाईला खायला घाल, वाऱ्याने उडून जाईल."

"तुझ्या आईला सांग, मी ट्रामच्या खांबाला धरून उभी राहते."

"आज भेटणार आहे प्रोफेसरांना." सिनालेईने पावाचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. "फॉर्मवर सही घ्यायची. डॉक्टरेट सोडून खालची पदवी द्या म्हणायचं. शुक्रवार शेवटचा दिवस आहे."

"घाई कशाला करतेस?"

"तीन वर्षं म्हणजे घाई? आंटी, खरं सांगा हं, माझ्यावर माया करू नका. काय चुकतं माझं? तुम्ही रोज बघता मला. हातच वाईट आहेत का माझे?"

व्हेल्टाने तिच्या हातांकडे बघितलं. मोठे, शांत हात. पिपेट धरलेला असताना या हातांत कंप आलेला तिने कधी पाहिला नव्हता. त्या क्षणी सांगायला हवं होतं. वाक्य तयार होतं, ओठांपर्यंत आलंही होतं, आणि त्या वाक्याच्या मागे तिला ट्रेगियर दिसले, अडुसष्ट वर्षांचे, मोतीबिंदू झालेले, भिंतीवरच्या अकरा निबंधांच्या चौकटी पुसणारे. आणि त्यांच्याही मागे, खरं तर त्यांच्या पुढे, तिला स्वतःची ती बारीक अक्षरातली ओळ दिसली. कुशल हात. तिला पोरं नव्हती. पदवी नव्हती. भाषा दोन, दोन्ही अर्ध्या. लाटव्हियन मंडळाच्या जेवणाला गेली की डॉक्टर, इंजिनियर झालेल्या लोकांच्या मध्ये बसून ती एवढंच म्हणू शकायची की जगात एक गोष्ट आहे जी फक्त माझ्या हाताने होते. आता ती गोष्ट पुडीची निघाली, आईच्या तीन मापांची. "हात चांगले आहेत तुझे," ती म्हणाली. "मातीच अशी आहे." आणि पाव खाल्ला, आणि तो गोड होता, आणि तिला स्वतःची किळस आली.

मंगळवार गेला. बुधवार गेला. मन कसं असतं बघा, रोज सकाळी तिला एक नवं, चांगलं कारण द्यायचं. मंगळवारी ते म्हणालं, नुसता संशय आहे, संशयावर कुणाचं आयुष्य मोडायचं नसतं. बुधवारी म्हणालं, मुलगी खालची पदवी घेऊन सुखी होईल, नोकरीला लागेल, तिच्या घरी पैसे हवेच आहेत. बुधवारी दुपारी ट्रेगियर जिन्यात भेटले, कठड्याला धरून एकेक पायरी चाचपत उतरत होते. "सही केली मी त्या पोरीच्या फॉर्मवर," म्हणाले. "वाईट वाटलं. हुशार आहे. पण हे हातांचं काम आहे, तुला माहीत आहे. ते शिकवता येत नाही." आणि तिच्या दंडावर थोपटून गेले. व्हेल्टा जिन्यात उभी राहिली. त्यांना खोटं बोलणं कधी जमलेलं नव्हतं, हे खोटंही ते मनापासून खरं समजून बोलले होते, आणि ते तिच्या दंडावर ठेवून गेले होते. रात्री तिला झोप लागली, हीच सगळ्यात वाईट गोष्ट. थकलेल्या माणसाला कशातही झोप लागते.

गुरुवारी दुपारी तिने फडकं काढलं. ठरवून नाही. पर्समध्ये चष्मा शोधताना ते हाताला लागलं आणि हात पुढचं करत गेले. मातीचं गढूळ पाणी फडक्यातून गाळलं. खाली उतरलेलं थोडं काचेच्या चौकोनी नळीत घेऊन यंत्रात ठेवलं: शून्य. नुसत्या साबणाचं पाणी ठेवलं: शून्य. मग एकात एक मिसळलं, हलवलं, दहा मिनिटं ठेवलं, बावीस वर्षं आणि दहा मिनिटं, आणि यंत्राचं झाकण लावलं. पडद्यावर रेघ डावीकडून निघाली. जांभळ्यात काही नव्हतं, सपाट. मग ती वर चढायला लागली, सावकाश, ओळखीच्या चालीने, चारशे अडतीसवर क्षणभर टेकली आणि पलीकडे उतरली. इतका देखणा उंचवटा ऐन भरातही आला नव्हता. व्हेल्टाने छापायचं बटण दाबलं आणि स्टुलावर बसली.

तीन वाजले होते. तीन वाजता ट्रेगियर चहाचा कप घेऊन प्रयोगशाळेत फेरी मारायचे. ते दारातून आले तेव्हा कागद छापयंत्रातून अर्धा बाहेर आला होता. डोळ्यांनी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण ही रेघ त्यांनी खोलीच्या त्या टोकावरून ओळखली.

"अगं!" चहा बशीत सांडला. "आला की! व्हेल्टा, आला!" त्यांनी कागद ओढून घेतला आणि नाकाशी धरला. त्यांचा चेहरा, तिने तो चौऱ्याहत्तर सालानंतर असा पाहिला नव्हता. "मी म्हणत नव्हतो? माती नाही, काही नाही, तूच हात आखडला होतास! सिनालेई! अगं ये, ये लवकर, सोड ते!"

सिनालेई पलीकडच्या टेबलावरून आली, हातमोजे काढत. तिने कागद बघितला. व्हेल्टाला वाटलं होतं ती रडेल, चिडेल. तसं काही झालं नाही. तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शांतता आली, डॉक्टरने एकदाचं रोगाचं नाव सांगितल्यावर येते तशी.

"छान आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझेच हात. बरं झालं, कळलं. उगाच यंत्राला शिव्या देत होते मी."

"वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी. हिच्यासारखे हात दहा हजारांत एक—"

"त्यात पायरीन नाहीये," व्हेल्टा म्हणाली.

ट्रेगियर हसले. "म्हणजे थोडंच घातलंयस?"

"घातलंच नाही. माती आणि साबण. आणि हे फडकं. आईने धुतलेलं." मग तिला सगळं सांगावं लागलं, पूड, तीन मापं, हॅलासचा दिवा. सांगताना आपला आवाज दुकानदाराला तक्रार सांगावी तसा सपाट येतोय हे तिला ऐकू येत होतं. ट्रेगियर हळूहळू स्टूल चाचपत खाली बसले. त्यांनी मध्ये एकदाही नाही म्हटलं नाही. ती थांबल्यावर त्यांनी तीनच प्रश्न विचारले.

"मातीचा वेगळा घेतलास?"

"शून्य."

"साबणाचा?"

"शून्य."

"आणि दोन्ही मिळून."

"तो तुमच्या हातात आहे."

त्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि तळहाताने सारखा केला. मग म्हणाले, "तेव्हा का नाही गं केला आपण हा?"

"आई आजारी होती. तुम्ही मला घरी पाठवलंत."

"हो का." ते आठवायचा प्रयत्न करत होते, आणि आठवत नव्हतं. तिच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस त्यांच्याकडे नव्हताच. "वाचल्या का त्या?"

"वाचली. नऊ वर्षं जगली."

"मग तेवढं तरी बरोबर केलं मी," ट्रेगियर म्हणाले, आणि व्हेल्टाला इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडू आलं. ती त्यांच्यासाठी रडली, आईसाठी रडली, आणि त्या बारीक अक्षरातल्या ओळीसाठी रडली, लाज न बाळगता, बाहीने नाक पुसत.

सिनालेईने कागद उचलला होता. ती रेघ बघत नव्हती, वरच्या कोपऱ्यातली तारीख आणि वेळ बघत होती.

"दिवा कधी बघितलात म्हणालात, आंटी?"

"शनिवारी."

"या शनिवारी? पाव आणले त्याच्या आधी?"

"हो."

"मी फॉर्म दिला आज सकाळी. शुक्रवारपर्यंत थांबवेना मला. मंगळवारी बाबांना सांगितलं की मला झेपत नाही. त्यांनी सगळ्या भाऊबंदांना फोन करून कळवलं, माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून. मी शेजारच्या खोलीत बसून ऐकत होते." तिचा आवाज चढला नव्हता. "मी विचारलं होतं तुम्हाला. काय चुकतं माझं, असं विचारलं होतं."

ट्रेगियर उठले. पहिल्यांदा त्यांनी फोनच उचलला, आणि ऑफिसातल्या बाईंशी बोलताना ते पुन्हा प्रोफेसर झाले. "फॉर्म समितीकडे गेला नसेल ना? उद्या सकाळी जाणार? मग तो परत घ्यायचा आहे. हो, आजच. कारण लेखी द्यायचं? देतो." त्यांनी कोरा कागद व्हेल्टाकडे सरकवला, कारण त्यांना स्वतःचं अक्षर आता दिसत नव्हतं, आणि ते सांगत गेले, व्हेल्टा लिहीत गेली. विद्यार्थिनीने तीन वर्षांत जे मोजले ते सर्व बरोबर आहे. ज्या निष्कर्षाशी ते जुळत नव्हते तो निष्कर्ष चुकीचा आहे. चूक या प्रयोगशाळेची आहे. "नको," ते म्हणाले. "प्रयोगशाळेची नको. माझी लिही." व्हेल्टाने प्रयोगशाळेची खोडलं आणि 'आमची' लिहिलं. त्यांनी न वाचता सही केली, शेवटच्या ओळीच्या बरीच खाली.

सिनालेईने कागद उभ्याउभ्या वाचला, सावकाश, दोनदा. घडी घातली.

"यात बाबांचं काही नाही," ती म्हणाली.

"मी येते तुझ्या घरी," व्हेल्टा म्हणाली. "आज येते. मी सांगते त्यांना."

"काय सांगणार?"

"की तू चांगली होतीस आणि मला माहीत होतं."

सिनालेईने तिच्याकडे पाहिलं. व्हेल्टाला वाटलं, आता ती नको म्हणेल, आणि नको म्हटलं तर किती बरं होईल. पाय इतके दुखत होते.

"सहाला या," सिनालेई म्हणाली. "सगळे असतात तेव्हा. सगळ्यांसमोर सांगायचं." आणि ती ऑफिस बंद व्हायच्या आत जिन्याकडे पळत गेली.